क्लॅन्समन ३२०: हातचा न घेणारा सेट

पावती अजून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे. २९० पौंड. नवऱ्याला मी दोनशे सांगितले. हॅम रेडिओबद्दल, म्हणजे माझ्या हौशी बिनतारीबद्दल, दोन ओळींच्या वर तो काही वाचत नाही, म्हणून हे इथे निर्धास्त लिहितेय.

या पैशांत काय मिळालं? ब्रिटिश सैन्याचा जुना पीआरसी-३२०, प्लेसी कंपनीचा. गडद हिरवा, हवाबंद धातूचं खोकं, पाठीवर बांधायची कॅनव्हासची झोळी, जोडत जायची उभी काठी-एरियल, दोन रिळांवर गुंडाळलेली डायपोल नावाच्या आडव्या एरियलची तार, एक हँडसेट, मांडीला बांधायची मोर्स की, आणि एक मेलेली बॅटरी. हात-जनरेटर वेगळ्या पैशांत होता, तो तेव्हा सोडला आणि नंतर जास्त पैसे देऊन घेतला. ते पुढे येईलच.

क्लॅन्समन हे एका सेटचं नाव नाही, आख्ख्या खानदानाचं आहे. सत्तरच्या दशकात लार्कस्पर नावाचे आधीचे सेट जाऊन हे आले, १९८२ च्या फॉकलंड युद्धात सैनिकांच्या पाठीवर होते, आणि २००४ नंतर बोमन नावाची नवी यंत्रणा आली तशी यांची रवानगी भंगार-लिलावात झाली. बोमन सुरुवातीला एवढं रडवायचं की सैनिकांनी त्या इंग्रजी नावाच्या अक्षरांची फोड केली होती, ‘बेटर ऑफ विथ मॅप अँड नोकिया’. जो सेट काढून टाकला त्याची चव मग कळली असावी. त्या लिलावांतूनच हे खोकं हिंडत हिंडत डर्बीजवळच्या एका जुन्या लष्करी मालाच्या दुकानात आलं, आणि तिथून माझ्याकडे.

कागदावर ३२० अगदी हॅमसाठीच केल्यासारखा वाटतो. २ ते ३० मेगाहर्ट्झ, शंभर-शंभर हर्ट्झच्या पायऱ्या, म्हणजे २,८०,००० चॅनेल. साइडबँड आणि एएम हे बोलायचे दोन प्रकार, शिवाय मोर्स. ताकद ३ किंवा ३० वॉट. एरियल जुळवायचा ट्यूनर पोटातच. आजचा नवा, पाठीवर नेण्याजोगा एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, सेट घ्यायचा तर या किमतीत त्याचं झाकणही येत नाही. तरीही घेताना एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं सुखदुःख तिच्याभोवती आहे: या सेटला डायल नाही.

म्हणजे फिरवत फिरवत बँडवर, म्हणजे हॅमना दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावर, कोण बोलतंय ते शोधायचं, ही जी आपली हॅमची निम्मी करमणूक, तीच नाही. तोंडावर ओळीने फिरवायच्या, खटक्याच्या चाव्या आहेत, फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांसाठी. १४.१९९९ वर आहात आणि १४.२००० वर जायचंय? घरच्या सेटवर बोटाने नखभर हलवलं की झालं. इथे शेवटचा नऊ शून्यावर आणायचा, त्याच्या आधीचा नऊ शून्यावर, त्याच्याही आधीचा नऊ शून्यावर, मग एकाचे दोन करायचे. चार चाव्या. आणि हे करताना मधल्या मध्ये सेट कुठल्या कुठे जाऊन येतो ते कानात ऐकू येत राहतं. तिसरीत बेरीज शिकताना बाई म्हणायच्या, ‘हातचा विसरू नका.’ या सेटला हातचा घेताच येत नाही, तो आपणच घ्यायचा.

पहिल्या आठवड्यात मी वैतागून तो परत विकायला निघाले होते. मग लक्षात आलं की माझंच चुकतंय. सैनिकाला फ्रिक्वेन्सी आधी सांगितलेली असते. तो ती लावतो आणि बोलतो. शोधत कोणी बसत नाही. मी पण तसंच सुरू केलं. निघायच्या आधी घरी मोठ्या सेटवर बँड ऐकायचा, तीन-चार मोकळ्या जागा हेरायच्या, मनगटावर बॉलपेनने लिहायच्या, मित्रमंडळींना ‘अकरा वाजता अमुकवर’ असा मेसेज टाकायचा. तेव्हापासून आमचं जमलं. पण ज्याला बँडवर भटकायचं आहे त्याने घेऊ नये, हे आत्ताच सांगून टाकते.

आता खरी अडचण. साइडबँड म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वर किंवा खाली, एकाच बाजूला आवाज पाठवायचा. हा सेट फक्त वरचा साइडबँड जाणतो. अपर. खालचा नाहीच. सैन्याला दोनची गरज नव्हती, सगळे एकाच बाजूला असले की काम भागतं. हॅम लोकांची रीत मात्र वेगळी: १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर, वर अपर. त्यामुळे ८० आणि ४० मीटर (बँडांना लहरीच्या लांबीवरून नावं असतात), म्हणजे संध्याकाळच्या गप्पांचे दोन्ही कट्टे, ३२० वर ऐकले तर माणसं नव्हे, पाण्यात बदकं भांडतायत असं वाटतं. चुकीच्या साइडबँडवर आवाजातले जाड सूर बारीक होतात आणि बारीक जाड. कितीही फिरवा, शब्द काही सुटत नाही. कायद्याने ४० मीटरवर अपर वापरायला बंदी नाही, ती नुसती रीत आहे. मी दोघा-तिघांना ‘जरा वरच्या बाजूला याल का’ म्हणून ठरवून आणलंही. पण अनोळखी माणसाला रोज कोण आणणार? मोर्सवर मात्र हा प्रश्नच नाही, आणि मोर्ससाठी अरुंद फिल्टरही आहे. मोर्स येत असेल तर ४० मीटरही तुमचंच.

मग हा सेट खुलतो कुठे? मला विचाराल तर दोन जागी.

पहिली जागा ६० मीटर. इथे ब्रिटनमध्ये ५ मेगाहर्ट्झच्या आसपास हॅमना सलग बँड नाही, छोटे छोटे तुकडे दिलेत, आणि तिथे १० मेगाहर्ट्झच्या खाली असूनही रीत अपर साइडबँडची आहे. त्या पट्ट्याचा पहिला मालक कोण? संरक्षण मंत्रालय. आपण पोटभाडेकरू. म्हणजे सैन्याचा टाकून दिलेला सेट, सैन्याच्याच पट्ट्यात, सैन्याच्याच पद्धतीने, ठरलेल्या चॅनेलवर. मी ५४०३.५ किलोहर्ट्झ लावते: पाच, चार, शून्य, तीन, पाच. हातचा नाही, काही नाही. बसल्या जागी बसतो. हा बँड फक्त फुल, म्हणजे वरच्या पायरीच्या, लायसन्सवाल्यांना आहे हे लक्षात ठेवा. फाउंडेशनवाल्यांनी, म्हणजे पहिल्या पायरीवाल्यांनी, इतर बँडांवर आणखी एक बघायचं: त्यांची मर्यादा २०२४ पासून २५ वॉट झाली आहे, आणि या सेटची ‘हाय’ ३० वॉटची आहे. म्हणजे त्यांना एकतर ‘लो’वर ३ वॉट, नाहीतर परीक्षा.

६० मीटरवर माझी पहिली फजिती झाली ती मॅम टॉरवर. पीक डिस्ट्रिक्टमधली ५१७ मीटरची टेकडी, वरपर्यंत फरशीची वाट, रविवारी कुत्र्यांना फिरवणाऱ्यांची रांग. झोळी, बॅटरी, तार धरून पाठीवर दहा-अकरा किलो. सिंहगडाच्या पायथ्याशी ताकाला थांबावं तसं मी पहिल्या वळणावरच बिस्किटं काढली. वर पोचून काठी-एरियल लावली, ट्यूनरची चावी फिरवतेय, फिरवतेय, काटा काही धड चढेना. चढला तर मी हात काढला की पडे. वारा एवढा की काठी वेताच्या छडीसारखी वाकलेली. शेवटी आबांना व्हिडिओ कॉल लावला.

माझे वडील सिग्नल कोअरमधून निवृत्त झाले. आता साताऱ्याकडे गावी असतात. त्यांनी आयुष्यभर वेगळे सेट वापरले, ३२० त्यांनी कधी हातात धरलेला नाही. सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, “अर्थ लावलास का?”

मला वाटलं मॅन्युअल कळलं का असं विचारतायत. म्हटलं, “हो आबा, दोनदा वाचलं.”

“वाचून काय करतीस? अर्थ, अर्थ! जमिनीला काय जोडलंयस?”

काहीच जोडलं नव्हतं. ५.४ मेगाहर्ट्झची लहर साडेपंचावन्न मीटर लांब, आणि माझी काठी २.४ मीटर. एवढ्याशा काठीला दुसरी बाजू म्हणून जमीन लागते, आणि जमिनीशी संबंध काय तर गवतावर ठेवलेलं खोकं. म्हणूनच हात लावला की जुळत होतं. अर्थ मीच होते. रिळातली दहाएक मीटर तार अर्थच्या टर्मिनलला अडकवून गवतावर टाकून दिली. काटा चढला आणि तिथेच राहिला.

एवढं करूनही वीस मिनिटं मी ‘सीक्यू’, म्हणजे ‘कोणी आहे का’, ओरडत होते आणि कोणी ढुंकून बघेना. पॉवरची चावी ‘लो’वर होती. हे आबांना अजून सांगितलेलं नाही.

हायवर टाकल्यावर पहिल्याच हाकेला यॉर्कशरमधले एक आजोबा आले. म्हणाले, सिग्नल अशक्त पण शब्द न् शब्द कळतोय. काठीचं एवढंच आहे. चालता चालता बोलायला ठीक, पण ५ मेगाहर्ट्झवर ती बहुतेक वॉट उष्णतेतच घालवते. खरी गंमत तारेत. पुढच्या खेपेला मी खाली माळावर दोन झुडपांमध्ये अर्ध्या लहरीचा डायपोल, सुमारे २७ मीटर, डोक्याइतक्या उंचीवर टाकला आणि ५० ओहमच्या सॉकेटला लावला. इतका खाली टाकलेला डायपोल सिग्नल सरळ वर फेकतो, वातावरणाच्या वरच्या थरावरून तो छत्रीसारखा खाली पडतो, आणि आजूबाजूचे दोन-तीनशे किलोमीटर भरून निघतात. दऱ्याखोऱ्यांत सैन्य हेच करायचं. त्या दिवशी वेल्स, केंट, स्कॉटलंडचा दक्षिण भाग, सगळे पाच-नऊ, म्हणजे स्वच्छ आणि जोरदार.

दुसरी जागा म्हणजे वरचे बँड: २०, १७, १५ मीटर. इथे रीतच अपरची. १५ मीटरसाठी डायपोल जेमतेम पावणेसात मीटरचा, बागेतल्या सफरचंदाच्या झाडावरून कुंपणापर्यंत. गेल्या ऑक्टोबरात दुपारी साडेबाराला २१ मेगाहर्ट्झवर एक व्हीयू-टू, म्हणजे भारतातला हॅम, ऐकू आला. नाशिकचा. घरच्या सेटवर ऐकून फ्रिक्वेन्सी टिपली, धावत बागेत गेले, चाव्या लावल्या. त्याची फ्रिक्वेन्सी माझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी होती. ५० हर्ट्झ इकडे-तिकडे, आवाज किंचित जाडसर, बस. तिसऱ्या हाकेला त्याने उचललं. नाशिकमध्ये दुपारचे पाच वाजले होते, मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली ती मला डर्बीत ऐकू आली. मी मराठीत बोलायला लागले तसा तो आधी गडबडलाच. म्हणाला, “ताई, सेट कोणता? ट्रंक कॉलवर बोलल्यासारखा आवाज येतोय.” बरोबर आहे. लष्करी मायक्रोफोनला गोडवा माहीत नसतो. त्याला शब्द पोचवायचे असतात, आणि ते तो गर्दीतून कोपर मारत पोचवतो. ३० वॉटमध्ये नाशिक मिळालं त्यात सेटइतकाच सूर्याच्या डागांचा वाटा (डाग जास्त असले की वरचे बँड लांब पोचतात), हे कबूल. पण फुशारकी मारायची ती सेटचीच.

ऐकण्याच्या बाबतीत मध्यम गुण देईन. रिसीव्हर धट्टाकट्टा आहे, जवळच्या मोठ्या सिग्नलने लगेच दबत नाही. पण आवाज गाळायची आधुनिक साधनं काहीच नाहीत. घरात, जिथे शेजाऱ्याचा सोलर इन्व्हर्टर आणि आपला एलईडी दिवा दोघेही बँडवर बोंबलत असतात, तिथे हा सेट वापरून डोकं उठतं. टेकडीवर न्या. तिथे शांततेत याचे कान तिखट आहेत. सेटच्या आत स्पीकरही नाही, हँडसेट नाहीतर हेडसेट कानाला लावायचाच.

एएमवरही चालतो. व्हिंटेज आणि लष्करी सेटवाल्यांची इथे व्हीमार्स नावाची संस्था आहे, शनिवारी सकाळी ३६१५ किलोहर्ट्झवर त्यांची एएमची बैठक भरते. मी तिथे ३२० घेऊन हजर झाले, सगळ्यांनी प्रेमाने बोलावलं. पण दुसऱ्या महायुद्धातला रणगाड्यातला १९ नंबरचा सेट चालवणाऱ्या माणसासमोर माझा ट्रान्झिस्टरवाला ३२० म्हणजे कालचं पोर. १९ नंबरमध्ये ८०७ हा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी, असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मी कॉलेजात असताना असाच एक ८०७ तीस रुपयांना घेतला होता, नुसता दिसायला सुंदर म्हणून. तो अजून आबांच्या कपाटात गणपतीच्या मखराशेजारी आहे.

बॅटरीचं तेवढं नीट वाचा. मूळ बॅटरी २४ व्होल्टची निकेल-कॅडमियम, वीस सेल ओळीने. जुन्या बॅटऱ्या शंभरात नव्वद मेलेल्या असतात. माझीवर सोळा व्होल्ट दिसत होते, म्हणजे आत सहा-सात सेल शॉर्ट. त्या उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, कॅडमियम विषारी असतं. सरळ घातक कचऱ्यात जमा करा. मी आठ सेलचा लिथियम-फॉस्फेटचा पॅक बांधला: सरासरी २५.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २९.२, म्हणजे ताज्या चार्ज झालेल्या जुन्या बॅटरीच्या जवळपास. ६ अँपिअर-तासांचा आहे, माझे दोन रविवार निघतात, आणि पाठीवरचं ओझंही जाणवण्याइतकं उतरलं. घरी २४ व्होल्टच्या सप्लायवर चालवायचा असेल तर गाळलेला, स्वच्छ सप्लाय घ्या. स्वस्त चार्जरची गुणगुण तुमच्याबरोबर हवेत जाईल.

हात-जनरेटर मी केवळ आबांमुळे घेतला. फोनवर म्हणाले, “जनरेटर नाही घेतलास? मग रात्री काय करशील?” मी रात्री घरी झोपते, हे कारण त्यांना पटलं नाही. दोन हातांनी गरागरा फिरवायचं यंत्र, बॅटरी भरतं. आबा सांगतात, त्यांच्या तुकडीत हे काम नेहमी सगळ्यात नव्या पोराकडे असायचं, आणि रेंज खराब असली तरी शिव्या त्यालाच. मी माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला लावलं. चार मिनिटांनी त्याने विचारलं, “किती टक्के झाली?” सेटवर टक्के दिसत नाहीत. तो निघून गेला. एवढ्याच वापरासाठी ४५ पौंड जास्त आहेत. नका घेऊ.

विकत घेताना दुकानात काय बघायचं: चाव्यांचा प्रत्येक खटका शेवटपर्यंत फिरवा, सगळ्यांचा. एखादी ढिली असेल तर पुढे बेजार करते. सात पिनांची ऑडिओ सॉकेटं आत हिरवी पडली आहेत का ते टॉर्च मारून बघा. ट्यूनरची चावी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता गेली पाहिजे. ‘टेस्ट केलेला आहे’ या शब्दांवर जाऊ नका. मला दुकानदाराने तसंच सांगितलं होतं, आणि घरी आल्यावर कळलं की त्याची टेस्ट म्हणजे ‘कानात खरखर आली’. सुदैवाने ट्रान्समीटर ठणठणीत निघाला. हँडसेटवरचं बोलायचं बटण, त्याला इथे प्रेसल म्हणतात, त्याच्यावरचं रबर मात्र चाळीस वर्षांनी शेवेसारखं मोडत होतं. पावसात आत पाणी गेलं, आणि एका रविवारी सेट आपोआप ट्रान्समिटवर अडकून माझा आणि मुलाचा जेवणावरून झालेला वाद निम्म्या इंग्लंडने ऐकला. मराठीत होता हेच नशीब. सध्या वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.

भारतात न्यायचा विचार असेल तर आधी लायसन्स आणि आयातीचे कागद बघा. तिकडे बिनतारी ट्रान्समीटर नुसता घरात ठेवायलाही परवानगी लागते, आणि विमानतळावर हिरवं लष्करी खोकं समजावून सांगणं मला तरी जमणार नाही. म्हणून आबांना मी फक्त व्हिडिओ दाखवते.

गुण द्यायचेच तर: ६० मीटर आणि वरच्या बँडांसाठी, टेकडीवर, पाचात साडेचार. घरी बसून ४० मीटरच्या गप्पांसाठी, पाचात एक, आणि तो एकही मोर्सचा.

कोणाकडे प्रेसलचं रबर शाबूत असलेला क्लॅन्समनचा हँडसेट असेल तर सांगा. तीस पौंडांपर्यंत देईन. घरी दहा सांगेन.